धडधड कोणाच्या नावावर लिहायची?

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे. नावं बदलली आहेत.)

ताई,

मी २८ वर्षांची. डोंबिवलीला राहते, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. अमेयशी साडेतीन वर्षांपूर्वी ओळख झाली. तोही डोंबिवलीचाच. दोन्ही घरचे राजी आहेत, गेल्या दिवाळीत साखरपुडा झाला, येत्या डिसेंबरात लग्न आहे. पत्रिका जुळली, २६ गुण. हॉलचा अ‍ॅडव्हान्स भरून झालाय.

अडचण अशी की अमेयला भेटताना आता काहीच होत नाही. पहिल्या वर्षी त्याचा नुसता मेसेज आला तरी पोटात गोळा यायचा. आता भेटतो, केटररचं बोलतो, वडापाव खातो, घरी जातो.

जुलैत एका संध्याकाळी पाणी भरलं आणि आमची गाडी शीव-कुर्ल्याच्या मध्ये दोन तास उभी राहिली. ऑफिसातला कौस्तुभ बरोबर होता म्हणून मी जनरल डब्यात चढले होते. शेवटी लोक खाली उतरायला लागले. आम्हीही उतरलो आणि अंधारात, गुडघाभर पाण्यातून, रुळांवरून कुर्ल्यापर्यंत चालत गेलो. त्याने माझा हात धरला होता. तेव्हापासून तो लिफ्टमध्ये दिसला तरी छातीत धडधडतं, तळहात ओले होतात. त्याचं मात्र काही कळत नाही. कधी रात्री एकपर्यंत चॅट, कधी दोन दिवस ब्लू टिक आणि उत्तरच नाही. आमच्यात ‘तसं’ काही झालेलं नाही.

एका रीलमध्ये पाहिलं, प्रेम म्हणजे नुसती केमिकल्स आणि ती अठरा महिन्यांत संपतात. आमचं संपलं का? शरीर खोटं बोलत नाही म्हणतात, मग माझं शरीर काय सांगतंय? त्या रात्री घरी पोचायला मला एक वाजला. अमेय साडेनऊपासून डोंबिवली स्टेशनवर माझ्या कोरड्या चपला घेऊन उभा होता. आणि त्याला बघून मला काहीच वाटलं नाही, फक्त झोप आली. याचीच जास्त भीती वाटते.

ता. क. मैत्रिणीने फेरोमोनवालं परफ्यूम सुचवलंय. १,८०० रुपयांचं आहे. मी मागवलंय. त्याने काही फरक पडेल का?

– गोंधळलेली, डोंबिवली

---

प्रिय गोंधळलेली,

ताई म्हणतेस ते राहू दे, वयाने मी मावशी शोभेन. ३१ वर्षं कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली. दरवर्षी एखादा मागच्या बाकावरचा पोरगा विचारायचाच, “मॅडम, प्रेमाचा फॉर्म्युला काय?” मी फळ्यावर डोपामाइनचा लिहायचे, सी आठ, एच अकरा, एन, ओ दोन. “पाठ कर आणि घरी जा,” म्हणायचे. वर्ग हसायचा. त्या विनोदाची आता थोडी लाज वाटते, कारण त्या रीलवाल्यानेही तेच केलंय. फॉर्म्युला सांगितला आणि घरी पाठवलं.

तुझ्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ शीव-कुर्ल्याच्या मध्ये थांबले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दोन तास गाडी उभी. पंखे बंद, माणसं घामाने निथळलेली, कोणाचं तरी मूल रडतंय, फोनची बॅटरी नऊ टक्क्यांवर. मग पाण्यात उडी. पायाखाली खडी आहे की खड्डा ते दिसत नाही, शेजारच्या रुळावरून गाडी येणार नाही ना ते माहीत नाही. अशा वेळी मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात पळायला लागतं, तळहात घामेजतात, तोंड कोरडं पडतं. पोटाकडचं रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं. ज्याला आपण पोटात गोळा येणं म्हणतो त्यात या वळवावळवीचा मोठा हात असतो. आता ही यादी पुन्हा वाच. परीक्षेच्या हॉलबाहेर हेच होतं, कुत्रा मागे लागला की हेच, आणि आवडता माणूस जिन्यात समोर आला की हेच. शरीराकडे भोंगा एकच आहे. तो का वाजला याचं कारण मेंदू मागाहून शोधतो आणि त्या क्षणी जे समोर असेल त्याला चिकटवून मोकळा होतो.

हे मी पदरचं सांगत नाही. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो दरीवर एक प्रयोग केला. दरीवर एक झुलता पूल आहे, जवळजवळ ७० मीटर उंचीवर, चालताना डुगडुगणारा. तो ओलांडणाऱ्या तरुणांना एक मुलगी थांबवायची, एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि “काही विचारायचं असेल तर फोन करा” म्हणून नंबर द्यायची. तीच पद्धत दुसऱ्या एका भक्कम, बुटक्या लाकडी पुलावर. झुलत्या पुलावर नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ जणांपैकी दोघांनी. माणसं थोडी आहेत, एवढ्यावर कोणी कायदा लिहू नये. पण भीतीची धडधड मुलीच्या खात्यावर जमा होते हे त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण माझ्याच बाबतीत ते झालेलं आहे.

एस.वाय.ला असताना आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. कोकणकड्याच्या टोकाशी पोटावर झोपून खाली बघायचं आणि मागे कोणीतरी पाय धरून ठेवायचे, अशी तेव्हाची पद्धत. माझे पाय ज्याने धरले तो मला त्या संध्याकाळी साक्षात देव वाटला. परतीच्या एस.टी.त मी खिडकीतून बाहेर बघत त्याचं आडनाव स्वतःला लावून पाहत होते. सोमवारी कॉलेजच्या कँटीनमध्ये तोच मुलगा शेजाऱ्याच्या बशीतली चटणी न विचारता बोटाने पुसून खाताना दिसला आणि देव गेला. चटणी खाणं हा काही गुन्हा नाही. पण मला तो मुलगा दिसला तो सोमवारी. शनिवारी मला दिसला होता तो कोकणकडा.

तुझा कोकणकडा कुर्ल्याला होता. कौस्तुभने हात धरला ते चांगलंच केलं, कोणत्याही भल्या माणसाने धरला असता. प्रश्न एवढाच की शेजारी कौस्तुभऐवजी वरच्या मजल्यावरचे एचआरवाले साठीचे काका असते, तर ती धडधड तू कोणाच्या नावावर लिहिली असतीस? पावसाच्याच, बहुतेक.

“मग तीन महिन्यांनी लिफ्टमध्ये का धडधडतं? तिथे तर पाणी नाही,” असं तू म्हणशील. बरोबर आहे. अ‍ॅड्रेनॅलिन काही मिनिटांत उतरतं, तीन महिने पुरत नाही. इथून पुढचं काम ब्लू टिकने केलंय.

डोपामाइनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात. ते अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या चेतापेशींवर वर्षानुवर्षं काम केलं. माकडाला अचानक फळांचा रस दिला की त्या पेशी जोरात पेटायच्या. मग रसाच्या आधी ठरावीक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिव्यालाच पेटायला लागल्या, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प. दिवा लागूनही रस नाही आला, तर नेहमीपेक्षाही मंद. म्हणजे त्या पेशी मोजत असतात तो फरक. वाटलं होतं किती आणि मिळालं किती.

तुला हे प्रयोगशाळेशिवाय कळेल. रोजची ८.१४ रोज वेळेवर आली तर तुला आनंद होतो का? तू चढतेस, कोपरा धरतेस, संपलं. पण एखाद्या दिवशी ती रद्द झाली आणि मागून अचानक अर्धी रिकामी एसी लोकल आली, चक्क खिडकीची सीट मिळाली, तर ते तू ऑफिसात चार जणींना सांगतेस. सीट तीच, प्रवास तोच. फरक अपेक्षेत. आणि २००३ साली शुल्ट्झच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. दिवा लागल्यापासून रसाची वेळ होईपर्यंत जी वाट पाहणं असतं, त्या वेळात या पेशींची हळूहळू चढत जाणारी धग सगळ्यात जास्त कधी असते? बक्षीस नक्की मिळणार असेल तेव्हा नाही, नक्की मिळणार नसेल तेव्हाही नाही. शक्यता निम्मी-निम्मी असेल तेव्हा.

कधी रात्री एकपर्यंत चॅट, कधी दोन दिवस शुकशुकाट. यापेक्षा चांगलं निम्मं-निम्मं कोणाला ठरवूनही जमायचं नाही. कौस्तुभ हे मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही, त्याच्या घरी काही चाललं असेल, किंवा साखरपुडा झालेल्या मुलीशी किती बोलावं हे त्यालाही उमगत नसेल. पण परिणाम तोच. अमेय तुझी ८.१४ झालाय, आणि कौस्तुभ म्हणजे इंडिकेटरवर अजून न लागलेली गाडी.

आता रीलचं. त्या अठरा महिन्यांचं मूळ मला ओळखीचं आहे. १९९९ साली इटलीत पिसा विद्यापीठात डोनाटेला माराझिती या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी नुकतेच प्रेमात पडलेले २० जण घेतले, मंत्रचळाचे २० रुग्ण घेतले (तेच ते, दहादा कुलूप तपासणारे), आणि २० जण असेच, ना प्रेमात ना आजारी. तिघांचंही रक्त काढलं. सेरोटोनिन पेशीत ओढून घेणारं एक प्रथिन असतं, ते प्रेमवीरांत आणि मंत्रचळवाल्यांत सारखंच कमी निघालं. दिवसभर एकाच माणसाचा विचार का येतो, याचं हे एक सुंदर उत्तर वाटलं सगळ्यांना. वर्ष-दीड वर्षाने त्याच प्रेमवीरांपैकी काहींना पुन्हा बोलावलं, तेव्हा आकडे नेहमीच्या पातळीवर आलेले. झालं, “प्रेम अठरा महिन्यांत संपतं.”

माझ्यासारख्या रक्ताच्या बाटल्या हाताळलेल्या बाईला इथे दोन गोष्टी दिसतात. एक, हे प्रथिन मोजलं प्लेटलेटमध्ये, मेंदूत नाही. प्लेटलेट म्हणजे कापल्यावर रक्त गोठवणाऱ्या त्या चिमुकल्या चकत्या. मेंदूचा अंदाज बांधायला त्या वापरतात, पण अंदाज तो अंदाज. दुसरं महत्त्वाचं. जे मोजलं ते संपलं म्हणजे ध्यास ओसरला. जेवण न जाणं, झोप उडणं, हिशेबात चुका होणं, हे ओसरलं. अकाउंट्सच्या माणसाला ते कायम राहिलेलं परवडलंही नसतं. मार्चएन्डला काय केलं असतंस?

ध्यास गेला म्हणजे ओढ गेली का, हेही तपासलं गेलंय. त्याच अ‍ॅरन यांनी पुढे हेलन फिशर आणि ल्युसी ब्राउन यांच्यासोबत २००५ साली प्रेमात आकंठ बुडालेल्या १७ जणांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्यांच्या प्रिय माणसाचा फोटो दाखवला. सरासरी सात-साडेसात महिने झालेले लोक. मध्यमेंदूतला डोपामाइनचा कारखाना, ज्याला व्हीटीए म्हणतात, तो उजळला. काही वर्षांनी बियांका असेवेदो यांच्यासोबत तोच खेळ लग्नाला सरासरी एकवीस वर्षं झालेल्या १७ जणांवर केला, अर्थात “आम्ही अजूनही प्रेमात आहोत” म्हणणाऱ्यांवर. व्हीटीए तिथेही उजळला. शिवाय जवळीक आणि जिव्हाळ्याशी जोडलेले इतर भागही. नव्या प्रेमातली काळजी आणि घालमेल मात्र त्यांच्यात दिसली नाही. हे निवडक लोक होते, सगळी जोडपी अशी नसतात, ते तुला शेजारपाजारी दिसत असेलच. पण अठरा महिन्यांची मुदत छापलेली नाही एवढं यातून नक्की कळतं.

आता त्या झोपेबद्दल. पत्रात ते एका वाक्यात उरकलंस आणि मला मात्र तिथे खुर्ची ओढून बसावंसं वाटलं.

गुडघाभर पाण्यातून चालून, कुर्ल्याला ताटकळून, रात्री एक वाजता तू डोंबिवलीला उतरलीस. त्या क्षणापर्यंत तुझा भोंगा चालू होता. अमेय दिसला आणि झोप आली. म्हणजे भोंगा बंद झाला. धोका टळला असं शरीराला पटलं की हृदयाचे ठोके उतरतात, स्नायू सैल पडतात, एकदम थकवा येतो. रात्रभर प्रवास करून आजोळी पोचलेलं पोर दारातच पेंगायला लागतं, तसं. “काहीच वाटलं नाही” असं तू त्याला म्हणतेस. मी त्याला काहीतरी वाटणंच म्हणेन, फक्त ते वाजत नाही.

या शांतपणाचंही रसायन आहे, आणि तिथेही बाजार भरलाय. ऑक्सिटोसिन. प्रसूतीच्या वेळी कळा येण्यासाठी जे इंजेक्शन देतात ते हेच. तबेल्यांत म्हशींना पान्हा फुटावा म्हणून चोरून टोचायचे, तेही हेच. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते १९५३ साली प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. पुढे अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात राहणारा प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी प्रसिद्धीला आला, कारण तो जोडी करून राहतो, आणि त्याच्या मेंदूत ऑक्सिटोसिन व त्याचंच भावंड असलेलं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक अडवलं की जोडी जमत नाही असं दिसलं. झालं, ऑक्सिटोसिन म्हणजे ‘प्रेमाचं संप्रेरक’. आणि मग २०२३ साली पेशीवर ऑक्सिटोसिन पकडणारा रिसेप्टरच जनुकात बदल करून काढून टाकलेले व्होल तयार केले, तर ते पठ्ठे तरीही जोड्या जमवून बसले. माझ्या अख्ख्या नोकरीत इतकी आवडलेली बातमी दुसरी नाही. जोडी जमवणं इतकं महत्त्वाचं काम निसर्ग एकाच रेणूच्या भरवशावर सोडत नाही, असा माझा तर्क.

पण थांब. “ताईंनी अमेयच्या बाजूने निकाल दिला” असं वाचू नकोस. झोप येणं हा प्रेमाचा पुरावा नाही. तुला स्वतःच्या आईजवळही झोप येते. आणि लग्न ठरलंय म्हणून मनाला शांततेची रंगरंगोटी करणाऱ्या मुलीही मी पाहिल्यात. म्हणून मला एक खरंखुरं उत्तर हवंय, पत्रातून नको, स्वतःलाच दे. संध्याकाळी भेटायचं ठरलंय आणि पाच वाजता अमेयचा मेसेज येतो, “आज जमत नाही गं.” पहिल्या सेकंदाला काय होतं? चुटपुट? काहीच नाही? की सुटल्यासारखं वाटतं? कधीतरी सुटल्यासारखं सगळ्यांनाच वाटतं, ऑफिसातून दमून आल्यावर मलाही हे घरी नसले की बरं वाटायचं. पण दर वेळी तसंच वाटत असेल, तर लग्न पुढे ढकल. हॉलचा अ‍ॅडव्हान्स बुडाला तर बुडू दे. आई चार दिवस बोलणार नाही, पाचव्या दिवशी बोलेल.

तसं नसेल, तर पुढचे दोन आठवडे असं कर. कौस्तुभशी रात्रीचं चॅट बंद. ब्लॉक-बिक करण्याचं नाटक नको, सरळ सांग, “लग्नाची गडबड आहे, ऑफिसात बोलू.” पहिले चार-पाच दिवस हात आपोआप फोनकडे जाईल आणि अस्वस्थ वाटेल. फिशर यांच्या गटाने २०१० साली प्रेमात नकार मिळालेल्या १५ जणांचे मेंदू पाहिले, तर त्या माणसाचा फोटो दिसताच व्यसनाच्या तलफेशी जोडलेले भाग पेटत होते. तेव्हा तलफ येणं म्हणजे “हेच खरं प्रेम” असं समजू नकोस. निम्म्या-निम्म्या बक्षिसाची सवय मोडताना असं होतंच. आणि याच पंधरवड्यात दुपारी लख्ख उजेडात, कँटीनमध्ये, चारचौघांत त्याच्याकडे नीट बघ. चहा आणणाऱ्या पोराशी तो कसा बोलतो, स्वतःची चूक निघाली की मेलमध्ये काय लिहितो. तुझ्या अख्ख्या पत्रात त्याच्याबद्दल तीनच गोष्टी आहेत. हात धरला, चॅट करतो, चॅट करत नाही.

आता अमेय. साखरपुड्यानंतर तुम्ही केटररचंच बोलताय, मग धडधडेल कशी? ताट किती रुपयांचं यावर आजवर कोणाचं हृदय धडधडलेलं नाही, वधूपित्याचं सोडून. अ‍ॅरन यांचाच आणखी एक प्रयोग आहे, २००० सालचा. जोडप्यांचे हात-पाय वेल्क्रोच्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधले आणि जिम्नॅशियमच्या गादीवरून, मधला अडथळा ओलांडत, हातांनी न धरता एक उशी पलीकडे न्यायला लावली. सात मिनिटांचा खेळ. दुसऱ्या जोडप्यांना साधं, कंटाळवाणं काम दिलं. खेळ खेळलेल्यांना नंतर आपला जोडीदार अधिक बरा वाटला. म्हणजे झुलता पूल आपल्याच माणसाबरोबर ओलांडता येतो. डोंबिवलीच्या घरात वेल्क्रो बांधू नका, आई आत येईल. पण एखाद्या रविवारी ओहोटीची वेळ बघून हाजी अलीच्या खडकांवर जा. पाणी हटलं की तिथे खाचखळग्यांतून खेकडे, समुद्रफुलं, कधी चुकलेला ऑक्टोपसही दिसतो. पाय घसरतात, हात धरावा लागतो. नाहीतर पहाटेच्या गाडीने कर्जत गाठा आणि दोघांनाही न जमणारा एखादा डोंगर चढा. दोघांनाही न येणारी गोष्ट हवी, एवढंच पथ्य. नेहमीचं हॉटेल नको, आणि केटररचं नाव काढलं तर दंड.

आणि तिथेच कुठेतरी बसून त्या रात्रीचं सांग. तू किती घाबरली होतीस ते त्याला माहीत आहे का? मला वाटतं, तू “पोचले” एवढंच म्हणालीस आणि झोपलीस. त्या पाण्यातली सोबत कौस्तुभला माहीत आहे आणि अमेयला माहीत नाही, हा तुमच्यातला खरा फरक असू शकतो. कौस्तुभबद्दल सांगावं का? चॅटची पानं वाचून दाखवायची गरज नाही. पण दोन आठवड्यांनीही मन तिथेच असेल तर न सांगता बोहल्यावर चढू नकोस. साडेनऊ ते एक उभा राहिलेला माणूस आहे, एवढं ऐकून घेईल. चिडेलही कदाचित, त्याला तो हक्क आहे.

राहिला ता. क. फेरोमोन म्हणजे एका प्राण्याने सोडलेलं, त्याच जातीच्या दुसऱ्याला इशारा देणारं रसायन. हा शब्दच १९५९ सालचा, आणि पहिलं फेरोमोन त्याच वर्षी अडॉल्फ बुटेनान्ट यांनी रेशमाच्या पतंगांतून काढलं, लाखो माद्यांच्या ग्रंथी गोळा करून. त्याचा अंशमात्र वास आला की नर पंख फडफडवत धावतो. माणसात असं काम करणारं एकही रसायन अजून सिद्ध झालेलं नाही. फेरोमोन हुंगणारा जो खास अवयव अनेक प्राण्यांच्या नाकात असतो, तो आपल्यात नावापुरता उरलाय, त्याच्या चेतातंतूंची जोडणीच नाही.

वासाचा संबंध अजिबात नाही असं मात्र नाही. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्नला क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ मुलांना दोन रात्री एकच सुती टी-शर्ट घालून झोपायला लावलं आणि ४९ मुलींना ते टी-शर्ट हुंगायला दिले. मुलींना साधारणपणे अशा मुलांचा वास बरा वाटला ज्यांची एचएलए जनुकं, म्हणजे रोगप्रतिकाराची जनुकं, त्यांच्यापेक्षा वेगळी होती. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींत नेमकं उलटं दिसलं. पुढे अशा अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत, त्यामुळे यावर लग्नं जमवू नयेत. (पत्रिकेतली नाडी म्हणजेच ही जनुकं, असा फॉरवर्ड तुझ्या मावशीकडून आला तर तो पुढे पाठवू नकोस. नाडी जन्मनक्षत्रावरून काढतात, रक्तावरून नाही.)

माझं आणि ह्यांचं जमलं ते टी.वाय.च्या प्रयोगशाळेत, किप्स अ‍ॅपरेटसमधून सुटलेल्या हायड्रोजन सल्फाइडच्या वासात. सडक्या अंड्यांचा तो वास आमच्या दोघांच्याही कपड्यांना एवढा बसायचा की लोकलमध्ये लोक सरकून जागा द्यायचे. अजूनही कुठे अंडं सडलेलं निघालं की हे माझ्याकडे बघून हसतात.

परफ्यूमचं सील फोडलं नसशील तर परत कर. फोडलं असेल तर लग्नात वापर, उग्र नसेल तर. १,८०० मध्ये ओहोटी बघायला दोघांच्या चांगल्या पकडीच्या सँडल येतील. कोरड्या चपला त्याने आधीच आणून दाखवल्यात.